गावच्या गाडीतली गरम भाकर

मला आयुष्यात सगळ्यात जास्त घाबरवलं ते एका गरम भाकरीने.

हसू नका. मला विंचू चावलाय, मी विहिरीत पडलोय, एकदा तर वरातीत उधळलेल्या घोड्याच्या पुढ्यात सापडलोय. ते सगळं मी रंगवून सांगतो आणि सांगताना मलाच मजा येते. भाकरीची गोष्ट काढली की मात्र अजून हाताचे तळवे ओले होतात. तरी सांगतो, कारण हल्ली ओळखीचे आईबाप भेटले की एकच विषय असतो, पोराची परीक्षा. कोणी रजा टाकतं, कोणी टीव्हीची वायर काढून कपाटात ठेवतं, आणि मग मला विचारतं, "तुमच्या घरच्यांनी तुमच्यासाठी काय केलं हो?" मी म्हणतो, फसवलं. दोघांनी मिळून, जीव ओतून, मुरलेल्या भामट्यांसारखं फसवलं.

आमचं गाव सोनगीरच्या पुढे, आग्रा रोड सोडून आत. शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर धुळ्याला खोली करायची आणि एस.टी.च्या डब्यावर जगायचं. पहाटे माय भाकरी थापायची, डबा जुन्या धोतराच्या फडक्यात बांधायची आणि नाना, म्हणजे माझे वडील, तो पहिल्या गाडीवर नेऊन द्यायचे. कंडक्टर सगळ्या पोरांचे डबे ड्रायव्हरच्या मागच्या दांडीला लटकवायचा. ती गाडी मग प्रत्येक फाट्यावर थांबत, माणसं, कोंबड्या आणि गाठोडी भरून घेत, रमतगमत धुळ्याच्या स्टँडवर पोचायची. डबा उघडला की आत थंड, वातड भाकर, ठेचा नाहीतर उडदाची डाळ, आणि सगळ्यावर डिझेलचा बारीकसा वास. आठवीपासून मी तो वास जेवणात कालवून खाल्ला.

खोलीत माझ्याबरोबर शेजारच्या गावचा एक मुलगा होता. मी त्याला पार्टनर म्हणायचो आणि तो मला. त्याचाही डबा त्याच गाडीने, त्याच दांडीला लटकून यायचा.

गोष्ट माझ्या मॅट्रिकच्या वर्षाची. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असायची. आमच्या घराण्यात तिथवर कोणी पोचलं नव्हतं. नाना सही करताना जीभ बाहेर काढायचे, मायला तेवढंही येत नव्हतं. पण परीक्षा ही काय चीज आहे हे तिने आपल्या मनाने ठरवून टाकलं होतं. तिच्या मते परीक्षा म्हणजे डोक्यावर भरलेला हंडा. तो घेऊन चालणाऱ्याला मागून कोणी हाक मारायची नाही.

म्हणून परीक्षेच्या आधी नाना खोलीवर आले ते बसलेसुद्धा नाहीत. दारातूनच हुकूम सुटला.

"आते परीक्षा व्हस तवलोंग गावले येवानं नही. लगीन असो, मरन असो. समजनं?"

"समजनं," मी म्हणालो.

समजलं काहीच नव्हतं. 'मरन' हा शब्द तेवढा कानात राहिला आणि त्याने पुढे माझी झोप खाल्ली.

कारण आमच्याकडे एक रीत होती. पोराची परीक्षा चालू असताना घरात काही वाईट घडलं तर त्याला कळू द्यायचं नाही. शेवटचा पेपर झाला की मग सांगायचं. आदल्याच वर्षी आमच्या गल्लीतला एक मुलगा शेवटचा पेपर देऊन शाळेच्या फाटकातून नाचत बाहेर आला. समोर त्याचे दोन काका उभे. त्याला वाटलं, कौतुकाने न्यायला आलेत. त्याचा बाप जाऊन दहावासुद्धा झालेला होता. थोरल्या भावाने अग्नी दिला होता. पार्टनर आणि मी पलीकडे उभे राहून बघत होतो. हसू निघून गेलेलं आणि रडू अजून पोचलेलं नाही, असा तो चेहरा होता. पुढे तो मुलगा पास झाला आणि गावाने त्या दोन काकांना शहाणं ठरवलं.

तर अशी सगळी तयारी आधीच होऊन बसली होती, आणि माझे पेपर सुरू झाले.

पहिल्या दिवशी डबा पार्टनरने स्टँडवरून आणला. मी निबंध घोकत होतो. जेवायला उशीर झाला. झाकण काढलं आणि पार्टनर ओरडला.

"ही भाकर शे का ऑस्ट्रेलिया?"

खरोखर ऑस्ट्रेलियाच होता. एकीकडे जाड, एकीकडे जळलेला, आणि खाली टास्मानियासारखा तुटलेला तुकडा.

"तुझ्या मायनं भूगोलाचा पेपर फोडला रे," पार्टनर म्हणाला. "उद्या बघ, आफ्रिका येईल."

मी पण हसलो. माय हरभरा काढायला शेतात गेली असेल, आमच्याकडेच राहणाऱ्या आत्याने भाकरी केल्या असतील, असं मी म्हणालो आणि ऑस्ट्रेलिया ठेच्याबरोबर खाऊन टाकला.

दुसऱ्या दिवशी डबा आणायला मी गेलो. कंडक्टर नेहमीसारखा म्हणाला, "घे रे, मायनं पाठवलाय." डबा घेतला तेव्हा तळ हाताला गरम लागला, आणि मी थबकलो. मार्चचं ऊन होतं, त्याने तापला असेल म्हणून पुढे निघालो. खोलीवर येऊन फडकं सोडलं, झाकण काढलं, तर आतून वाफ आली. वाफ! गावाहून त्या रखडत येणाऱ्या गाडीतून आलेल्या भाकरीला वाफ! मी बोट टेकवलं आणि चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

"इंजिनाजवळ लटकला असेल," पार्टनर म्हणाला.

मी त्याच्या डब्यावर हात ठेवला. विहिरीच्या काठावरच्या दगडासारखा थंड. दोन्ही डबे एकाच गाडीतले, एकाच दांडीचे.

पार्टनरला गुप्त पोलीस होण्याची हौस होती. त्याने मांडी घातली, डोळे बारीक केले.

"म्हणजे ही भाकर धुळ्यातच भाजली."

"कोणी?"

"ते नाही सांगता येत. पण तुझ्या घरी चूल पेटली नाही, एवढं नक्की. आणि घरात चूल केव्हा पेटत नाही? जेव्हा घरात..."

तो तिथेच थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं नाही. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, भाऊबंद बाहेरून जेवण आणून देतात, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पार्टनरने आपल्या डब्यातली लोणच्याची फोड उचलून माझ्या पुढ्यात ठेवली. इतकी वर्षं एका खोलीत राहिलो, या माणसाने मला लोणच्याचा खारसुद्धा चाटू दिला नव्हता. ती फोड बघितली आणि माझी खात्रीच पटली.

त्या दिवसापासून मी पुस्तक समोर धरायचो आणि घरातली माणसं मोजायचो. नाना, माय, आत्या. यातलं कोण? मनातल्या मनात मी आत्याला पुढे करायचो. ती म्हातारी होती, तिला दमा होता. मग वाटायचं, देवाने हे ऐकलं तर? लगेच तिला मागे घ्यायचो. मग तिच्या जागी कोण, हा प्रश्न यायचा आणि मी इंग्रजीची कविता मोठ्याने म्हणायला लागायचो.

वर आणखी भर पडली. स्टँडवर आमच्या गावचा न्हावी दिसला. एरवी हा माणूस लांबून हाक मारून माझ्या केसांची निंदा करायचा. त्या दिवशी मला बघितलं आणि सरळ रसवंतीच्या मागे जाऊन उभा राहिला. तुम्ही म्हणाल, त्यात काय? अहो, गावात कोणी गेलं की डोकी करायला पहिला निरोप न्हाव्याला जातो! मी रसवंतीला वळसा घातला, तर त्यानेही वळसा घातला. उसाच्या चरकाभोवती आम्ही दोघं बैलासारखे फिरलो आणि शेवटी तो चालत्या गाडीत चढून पळाला.

रविवारी पेपर नव्हता. सोमवारी भूमिती. मी पार्टनरला म्हणालो, "आज डबा कुठून येतो ते बघणार."

"मी येऊ?"

"नको."

खरं तर तो यायला हवा होता. पण जे दिसेल ते त्याच्यासमोर दिसू नये, असं वाटलं.

मी स्टँडवर लवकर गेलो आणि त्याच रसवंतीच्या मागे, न्हाव्याच्या जागेवर उभा राहिलो. चरकाचे घुंगरू वाजत होते. गावची गाडी आली. माणसं उतरली. कंडक्टर दारात उभा राहिला, पण खाली उतरेना, इकडेतिकडे बघू लागला. दांडीला डबे दिसत होते, त्यात माझं धोतराचं फडकं नव्हतं.

मग शहराच्या बाजूने, गर्दीतून, नाना आले. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला, काखेत माझा डबा. त्यांनी तो कंडक्टरच्या हातात दिला आणि हात जोडले. कंडक्टर डबा घेऊन गाडीत चढला, दांडीला लटकवला, क्षणभर थांबला आणि मग सगळे डबे काढून घेऊन खाली उतरला. नाटक कंपनीतसुद्धा इतकी चोख एन्ट्री मी बघितली नाही.

पण तेव्हा कौतुक कसलं सुचतंय! नाना जिवंत, हे बघून मला पहिल्यांदा हायसं वाटलं. आणि पुढच्याच श्वासाला मी उरलेला हिशोब केला. नाना जिवंत आहेत, स्वतः भाकर करून आणतायत. म्हणजे माय.

मी त्यांच्या डोक्याकडे बघितलं. टोपी होती. मिशी जागेवर होती, पण टोपीखाली केस आहेत की नाहीत? सगळं त्या टोपीखाली होतं. वारा यावा आणि टोपी उडावी, असं मी देवाला म्हणालो, आणि उडू नये, असंही म्हणालो. नाना वळले, चालू लागले. मी डबा न घेताच त्यांच्या मागे निघालो.

गल्ल्या ओलांडत नाना सरकारी दवाखान्याच्या आवारात शिरले. मागच्या बाजूला निंबाच्या झाडाखाली पेशंटच्या नातेवाइकांच्या तीन-तीन दगडांच्या चुली होत्या. धूर, तवे, पिठाच्या पिशव्या, धुणं वाळत घातलेलं. नाना एका चुलीपाशी उकिडवे बसले. मी भिंतीच्या कोपऱ्याआड.

शेजारच्या चुलीपाशी बसलेली एक बाई म्हणाली, "काय नाना, आज तरी गोल झाली का?"

"गोल कसाले पाहिजे?" नाना म्हणाले. "पोटमा गयी म्हणजे कोन देखस?"

"माझ्या नवऱ्यानं अशी भाकर दिली असती तर मी तव्यासकट परत पाठवली असती."

"तुमना नवरा नशीबवान शे. त्याले करता येस नही म्हनीसन सुटना."

बाया हसल्या. नाना पण हसले. सुतकातला माणूस असा हसत नाही, असं मला वाटलं आणि मी श्वास घेतला. तेवढ्यात तीच बाई म्हणाली, "तुमची मालकीण विचारत होती. डबा गेला का, गेला का, म्हणून नर्सच्या डोक्यावर बसलीय. जा, सांगा तिला. उद्या ऑपरेशन आहे, आज तरी शांत पडून राहा म्हणावं."

माय आहे! मी भिंतीला टेकून खाली बसलो. माय आहे, विचारतेय, नर्सला छळतेय. आणि मग उरलेलं वाक्य हळूहळू आत उतरलं. उद्या ऑपरेशन.

मी उठून नानांसमोर जाऊन उभा राहिलो.

नानांनी वर बघितलं. त्यांचा पहिला शब्द काय असावा? बेटा? अरे? छे.

"अभ्यास सोडीसन आठे काय करी ऱ्हायना तू?" आणि हात उगारला. तो हात पिठाने भरलेला होता. तसाच हवेत राहिला आणि मग खाली आला. "तुले कोनी सांगं?"

"भाकर गरम व्हती," मी म्हणालो.

नानांनी आपल्या हातांकडे बघितलं. जणू त्या हातांनीच फितुरी केली.

"थंडी करीसन देवाले पाहिजे व्हती," ते पुटपुटले.

"मी सांगत होते!" ती बाई म्हणाली. "पदरानं वारा घालते म्हटलं, तर म्हणे पोराला उशीर होईल."

मग नानांनी मला निंबाच्या पलीकडे नेलं आणि सांगितलं. मायच्या पोटात गोळा होता. डॉक्टरांनी थंडीतच कापायला सांगितलं होतं. माय म्हणाली, पोराची परीक्षा होऊ द्या, मग काय कापायचं ते कापा. पण दुखणं वाढलं, एका सकाळी ती चुलीपुढेच आडवी पडली आणि तिला गाडीत घालून आणावं लागलं. तरी तिने अट घातली. पोराला कळता कामा नये. डबा रोजच्यासारखा गावच्या गाडीतून उतरला पाहिजे. गावात सगळ्यांना तंबी दिलेली. न्हाव्याला तर शपथ घातलेली, कारण तोंडाचा तो सगळ्यात सैल.

"मी भेटतो तिले," मी म्हणालो.

"नही."

"नाना..."

"तू तिले वळखस. तुले कळनं हाई तिले समजनं ते ती उठीसन घर चालनी जाई. डॉक्टरना बाप उना तरी थांबाव नही." त्यांनी पिठाचे हात सदऱ्याला पुसले. "लांबून देख. खिडकीतून. आन पेपर दे."

हे खरं होतं, मला कळलंय हे तिला समजलं असतं तर ती खाटेवरून उठून घरी निघाली असती. माय तशीच होती. एकदा पंचमीच्या दिवशी मी तापाने फणफणलो, तर तिने माहेरच्या वाटेवर अर्ध्यातून गाडी वळवली होती आणि तिचे भाऊ दोन वर्षं बोलत नव्हते.

म्हणून मी व्हरांड्यात गेलो आणि बायकांच्या वॉर्डच्या खिडकीखाली वाकून उभा राहिलो. डोळे तेवढे वर काढले. माय खाटेवर होती, पाठ माझ्याकडे. मान केवढीशी दिसत होती! केसांची वेणी कोणीतरी परक्या माणसाने घातलेली. ती शेजारच्या खाटेवरच्या बाईशी बोलत होती. आवाज बारीक, पण त्यात असा काही तोरा होता की काय सांगू.

"मना पोऱ्या मॅट्रिकले शे. त्याले काईच माहीत नही. डबा गावनी गाडीमा जास. त्याले वाटस, माय घर शे."

"आणि कळलं तर?"

"कसं कळई? मी बठ्ठं बराबर करेल शे."

मी खाली बसलो. रडू येत होतं आणि हसूही येत होतं, आणि दोन्ही तोंडात कोंबून मी गुडघ्यावर चालत निघालो. समोर पांढरे बूट आले. नर्स.

"ए, कोण तू? काय हरवलं?"

"काही नाही," मी म्हणालो आणि धावत सुटलो.

सोमवारी सकाळी मी स्टँडवर होतो. नाना लांबून दिसले, डबा कंडक्टरला दिला, माझ्याकडे बघितलं नाही. नंतर कळलं, मायने सांगितलं होतं की डबा गाडीवर पोचता करून या, मगच मी ऑपरेशनला आत जाते. मी डबा उघडला. गरम होता. ऑस्ट्रेलिया होता. त्या भाकरीत मायची काहीच खबर नव्हती. ती सुखरूप असली तरी उद्या हीच भाकर येणार, आणि नसली तरी हीच येणार.

आणि तेव्हा मला खरी भीती कळली. इतके दिवस मी न कळलेल्या गोष्टीला भीत होतो. आता मला नानांची भीती वाटू लागली. हा माणूस पोरासाठी आख्खी एस.टी. फितवू शकतो. ऑपरेशनमध्ये काही वाईट झालं, तर शेवटचा पेपर होईपर्यंत हा मला रोज गरम भाकर देत राहील आणि चेहऱ्यावरची रेघ हलू देणार नाही. त्या दोन काकांसारखा शहाणा होईल. फाटकाशी येऊन उभा राहील.

पेपर हातात आला. पहिलं प्रमेय मला पाठ होतं. त्रिकोण काढला. तो तिरपा आला. खोडला, परत काढला. वर्गात पंखा नव्हता, समोरच्या मुलाच्या सदऱ्यावर घामाचा डाग पसरत चालला होता आणि मी त्या डागाकडे बघत बसलो. आत्ता तिला नेलं असेल. आत्ता झोपवलं असेल. सुपरवायझर येऊन माझ्या बाकावर टिचकी मारून गेले. मी लिहायला लागलो. काय लिहिलं ते देवाला आणि तपासनिसाला माहीत. एका रचनेत मी वर्तुळ काढलं आणि ते इतकं वेडंवाकडं आलं की नानांनी थापलंय असं वाटावं. एवढ्या भीतीतही मला त्याचं हसू आलं आणि सुपरवायझरना वाटलं, मी कॉपी करतोय. त्यांनी माझे खिसे तपासले.

घंटा झाली. मी पट्टी-कंपास बाकावरच टाकून पळालो. पार्टनर मागून हाका मारत होता. दवाखान्याचं आवार, निंब, व्हरांडा, खिडकी. मी या वेळी वाकलो नाही. सरळ आत बघितलं.

खाट रिकामी होती. चादर काढलेली. गादी उलटी टाकलेली.

मी आत शिरलो. बायका ओरडल्या, "अरे, पुरुषांनी यायचं नाही!" मी शेजारच्या खाटेवरच्या बाईजवळ गेलो. मी नुसतं रिकाम्या खाटेकडे बोट केलं.

त्या बाईने माझ्याकडे निरखून बघितलं. "मॅट्रिकवाला का तू?"

मी मान हलवली.

"म्हणजे तुला माहीत आहे?" तिने कपाळावर हात मारला. "अरे, ती शेवटच्या खोलीत आहे. ऑपरेशनवाल्यांना तिकडे ठेवतात. जा, पण हळू. जागी झाली आणि तुला बघितलं तर टाके तोडून उठेल ती."

शेवटच्या खोलीबाहेर नाना जमिनीवर बसले होते. टोपी काढून मांडीवर ठेवलेली. डोक्यावर सगळे केस होते. मी त्यांच्या समोर उभा राहिलो आणि त्यांच्या चेहऱ्यात खोटं शोधू लागलो. शोधता येईना. चेहऱ्यावर जागरणाशिवाय काहीच नव्हतं.

"खरं सांगा."

"निघना गोळा," नाना म्हणाले. "डॉक्टर सांगी गया, चांगलं व्हयनं."

"मी नाही मानत."

माझ्या घरात मी बापाला असं कधी बोललो नव्हतो. नाना उठले, दार बोटभर उघडलं आणि मला पुढे केलं. माय पडलेली होती, तोंड कोरडं, डोळे मिटलेले. औषधाच्या गुंगीत ओठ हलत होते. मी दाराच्या फटीत नाक घालून श्वास मोजत राहिलो. मग ती स्पष्ट म्हणाली, "डबा गया का?"

नानांनी मला मागे ओढलं आणि दार लावलं. "गया व," ते दारालाच म्हणाले. "गया."

उरलेले पेपर मी दिले. शेवटचा पेपर झाल्यावर नाना फाटकाशी आले, ठरल्याप्रमाणे, आणि मला त्यांनी 'सगळं' सांगितलं, ठरल्याप्रमाणे. मग आम्ही दवाखान्यात गेलो. आता माझं काम होतं. मी दारातच थांबलो, दोन्ही हात डोक्याला लावले आणि आवाज काढला.

"माय! तू आठे? काय व्हयनं व तुले?"

आयुष्यातलं माझं पहिलं नाटक. थोडं जास्तच झालं, मान्य आहे. पण वॉर्डातल्या बायकांनी भराभर पदर तोंडात घातले आणि शेजारणीने भिंतीकडे कूस वळवली. तिची पाठ हलत होती.

मायने मला जवळ घेतलं. हात हाडकुळा, पण पकड जुनीच. मग ती माझ्या डोक्यावरून त्या शेजारणीकडे बघून म्हणाली, "देखं? सांगं व्हतं ना मी? त्याले काईच माहीत नव्हतं."

"नाही हो," ती बाई भिंतीलाच म्हणाली. "कसं कळणार!"

जूनमध्ये निकाल लागला. मी पास झालो. माय तोवर चालती-फिरती झाली होती, पायरीवर बसून लसूण सोलत होती. शाळेतल्या मास्तरांनी अंगणात उभं राहून एकेका विषयाचे मार्क वाचून दाखवले. मराठी चांगलं, इतिहास-भूगोल चांगलं, शास्त्र बरं. भूमितीशी ते अडखळले आणि म्हणाले, "इथे मात्र अगदी काठावर निघालास रे."

मायचा हात थांबला.

"भूमितीना दिनले तुनं ध्यान कोठे व्हतं?"

मी नानांकडे बघितलं. नानांनी माझ्याकडे बघितलं.

"पेपर अवघड व्हता, माय."

"बाकी पोरेस्ले कसा सोपा गया? तुले काय कमी व्हतं? येळवर डबा, येळवर भाकर. घरनी एक कटकट तुना कानवर येऊ दिधी का आम्ही? बोल!"

"नही," मी म्हणालो.

"मग?" तिने नानांकडे मोर्चा वळवला. "तुम्ही तरी बोला ना काही!"

नाना लगबगीने उठले आणि बांधलेल्याच बैलाला पुन्हा बांधायला गेले.